मोलाचा हिशेब

इतिहासाच्या शिक्षकाने रसायनशास्त्रातील ‘मोल’ या संकल्पनेवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आपल्या स्मरणिकेसारख्या अंकांत धम्म, चळवळ आणि संस्थेची वाटचाल यांवर लिहिण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. परंतु वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी कितीजण दहावीनंतर विज्ञानाची वाट धरतात, आणि धरलेल्या वाटेवर कितीजण टिकतात, हा प्रश्न मला चळवळीबाहेरचा वाटत नाही. सायंकाळच्या अभ्यासिकेवर अनेक वर्षे देखरेख करताना माझे एक मत बनत गेले. विज्ञान सोडल्याचे मूल आपल्याला अकरावीत सांगते, पण त्याने ते मनातून बहुधा नववीतच सोडलेले असते. आणि ज्या पाठावर ते सोडलेले असते, तो पाठ पुष्कळदा मोलचा असतो.

राज्य मंडळाच्या इयत्ता नववीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान या पाठ्यपुस्तकातील ‘द्रव्याचे मोजमाप’ हा पाठ आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यात ग्रॅमचे मोल करा, मोलचे रेणू करा, रेणूंचे पुन्हा मोल करा, अशी उदाहरणे येतात. त्यांतील गणित पाहू गेल्यास एक भागाकार आणि एक गुणाकार, याहून अधिक काही नाही. चौथीतील मूल जी क्रिया करते, तीच करताना नववीतील हुशार विद्यार्थी का अडखळतो? माझे उत्तर असे, की आपण क्रिया आधी शिकवतो आणि अर्थ नंतरसाठी राखून ठेवतो. तो ‘नंतर’ मग कधीच येत नाही. फळ्यावर त्रिकोण काढला जातो, त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन शब्द लिहिले जातात, आणि हवा तो शब्द बोटाने झाका म्हणजे उत्तर मिळेल असे सांगितले जाते. मूल झाकते, उत्तर काढते, गुण मिळवते. मात्र आपण काय मोजले, हे त्याला ठाऊक नसते.

अडचणीची सुरुवात शब्दापासूनच होते. ‘मोल’ हा आपल्या मुलांच्या घरातला शब्द आहे. आई मोलमजुरीला जाते, मावशी मोलकरीण म्हणून राबते, बाबासाहेबांचे उपकार अनमोल आहेत असे आजी म्हणते. या सर्वांत मोल म्हणजे किंमत. वर्गात हाच शब्द येतो, तेव्हा तो वेगळ्या कुळातला आहे हे कोणी सांगत नाही. रसायनशास्त्रातील मोल हा ‘मॉलिक्यूल’ या शब्दाच्या कुळातला असून त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. मूळ शब्दाचा अर्थ ढीग, वस्तुमान असा होतो. अभ्यासिकेत एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, “सर, मोल म्हणजे वजन की संख्या?” तिच्या वहीतील सर्व उदाहरणे बरोबर होती. तरीही हा प्रश्न तिला पडला, यावरून ती विचार करीत होती हे कळते, आणि आपण काय शिकवायचे राहून गेले हेही कळते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. मोल म्हणजे संख्याच. परंतु ती इतकी मोठी आहे की ती मोजून घेता येत नाही, तोलून घ्यावी लागते.

हे समजण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वसतिगृहाची कोठी पुरते. कोठीत तांदूळ आहे, वाटाणे आहेत आणि वजनकाटा आहे. समजा, तांदळाचे १००० दाणे मोजून तोलले आणि ते २० ग्रॅम भरले. वाटाण्याचे १००० दाणे तोलले, ते २०० ग्रॅम भरले. आता ‘१००० दाणे’ या समूहाला आपण ‘एक हजारी’ असे नाव देऊ. यापुढे दाणे मोजण्याचे कारण उरत नाही. १०० ग्रॅम तांदूळ घेतला की ५ हजारी झाले. १ किलो वाटाणे घेतले की तेही ५ हजारीच झाले. एका ढिगाचे वजन दुसऱ्याच्या दहापट आहे, पण दोहोंतील दाणे सारखेच, म्हणजे ५००० आहेत. वजनाला एका हजारीच्या वजनाने भागले की हजारी मिळतात. हजारींना १००० ने गुणले की दाणे मिळतात. उलट जायचे तर दाण्यांना १००० ने भागावे आणि आलेल्या हजारींना एका हजारीच्या वजनाने गुणावे. मोलच्या पाठातील सर्व गणित एवढेच आहे.

आपल्या नाशिकच्या मुलांना दुसरा एक दाखला जवळचा आहे. नाशिकरोडच्या मुद्रणालयात नोटा छापल्या जातात. शंभर नोटांची एक गड्डी असते. दहा रुपयांच्या पाच गड्ड्या आणि पाचशे रुपयांच्या पाच गड्ड्या शेजारी ठेवल्या, तर नोटांची संख्या दोन्हीकडे ५०० च. रक्कम मात्र ५,००० आणि २,५०,०००. पदार्थाच्या एका मोलचे वजन हे गड्डीच्या रकमेसारखे आहे. ते पदार्थागणिक बदलते. गड्डीतील नोटांची संख्या बदलत नाही.

आता हजारीच्या किंवा गड्डीच्या जागी मोल ठेवा. हायड्रोजन वायूचे २ ग्रॅम, पाण्याचे १८ ग्रॅम, ऑक्सिजन वायूचे ३२ ग्रॅम, कार्बन डायऑक्साइडचे ४४ ग्रॅम. या प्रत्येकात एक मोल रेणू आहेत, म्हणजे रेणूंची संख्या अगदी सारखी आहे. ही संख्या ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, अर्थात ६०२२ च्या पुढे २० शून्ये. तिलाच ॲव्होगॅड्रो अंक म्हणतात. आपल्या आजोबांच्या पिढीने एकं, दहं, शतं करीत परार्धापर्यंत पाठ केलेल्या मोजणीत सांगायचे, तर हे ६० लाख २२ हजार परार्ध झाले. आज पृथ्वीवर असलेल्या सुमारे ८०० कोटी माणसांनी न थांबता दर सेकंदाला एक याप्रमाणे एक मोल रेणू मोजायला घेतले, तर मोजणी संपण्यास सुमारे २४ लाख वर्षे लागतील. आणि एक मोल पाणी म्हणजे किती? चहाच्या चार चमच्यांहूनही थोडे कमी.

म्हणून ३६ ग्रॅम पाण्यात रेणू किती, असे विचारल्यावर मुलाने प्रथम स्वतःशी म्हणावे, की १८ ग्रॅमची एक गड्डी, तेव्हा ३६ ग्रॅमच्या दोन गड्ड्या. दोनास ॲव्होगॅड्रो अंकाने गुणले की १.२०४४ गुणिले १० चा २४ वा घात इतके रेणू मिळतात. उलट, ऑक्सिजनचे ३.०११ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू दिले असतील, तर ही गड्डीच्या बरोबर निम्मी संख्या आहे. अर्धा मोल, म्हणजे १६ ग्रॅम. येथे आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय लावली पाहिजे : मोल कशाचा? ऑक्सिजनच्या एका रेणूत दोन अणू असतात. एक मोल ऑक्सिजन रेणू म्हणजे ३२ ग्रॅम, परंतु एक मोल ऑक्सिजन अणू म्हणजे १६ ग्रॅम. ‘एक डझन’ म्हटल्यावर कसले डझन हे विचारावे लागते, तसेच हे आहे. निम्म्या चुका येथेच होतात.

उरलेल्या चुका गुणावे की भागावे या संभ्रमातून होतात. त्यांवर उपाय आहे अंदाजाचा. पेलाभर पाण्यातील रेणूंचे उत्तर शून्य पूर्णांक काहीतरी असे आले, तर पेल्यात एक रेणूही नाही असा त्याचा अर्थ होतो. हे उत्तर खोडून काढण्यास सूत्राची गरज नाही. उत्तराकडे पाहण्याची गरज आहे. दुर्दैवाने अशी उत्तरे विद्यार्थी निःशंकपणे लिहितात, आणि आपणही लाल शाईची एक फुली मारून पुढे जातो.

पाच वर्षांपूर्वीच्या काळाने या हिशेबाचा उपयोग सर्वांना दाखवून दिला आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्णांचा अंत झाला. ती गळती कोणत्याही गणिताने थांबली नसती, हे मी स्पष्टपणे नमूद करतो. परंतु त्या महिन्यांत प्राणवायूची चर्चा घराघरांत चालू होती, आणि ती तीन वेगळ्या भाषांत होत होती. कारखान्यातून निघणारा प्राणवायू टनांत सांगितला जाई, टाकीतील द्रवरूप साठा लीटरमध्ये, आणि रुग्णाला मिळणारा वायू दर मिनिटास इतके लीटर असा. जिल्ह्याला अमुक टन मिळाले म्हणजे किती रुग्णांचा किती वेळ भागेल, हे सामान्य माणसाला उमगत नव्हते.

मोल समजलेला विद्यार्थी हे कागदावर काढू शकतो. १ किलो ऑक्सिजन म्हणजे १००० भागिले ३२, अर्थात ३१.२५ मोल. साधारण २५ अंश सेल्सिअस तापमानाला आणि नेहमीच्या वातावरणीय दाबाला कोणत्याही वायूचा एक मोल सुमारे २४.५ लीटर जागा व्यापतो. म्हणजे १ किलोचे सुमारे ७६५ लीटर झाले. मिनिटाला १० लीटर लागणाऱ्या रुग्णास ते सव्वा तास पुरतील. अशा रुग्णाला दिवसाला सुमारे १९ किलो ऑक्सिजन लागेल आणि १ टनात ५० हून थोड्या अधिक रुग्णांचा एक दिवस निभेल. ही ढोबळ आकडेमोड आहे. गळती व वाया जाणारा वायू तीत धरलेला नाही. तरीही वजन, जागा आणि संख्या या तिन्ही तीरांना जोडणारा पूल कोणता, हे तीवरून दिसते. एक किलोत रेणू किती, हेही त्याच पुलावरून कळते : ३१.२५ गुणिले ॲव्होगॅड्रो अंक. ज्या मुलांनी त्या काळात आपली माणसे गमावली, त्यांना हे उदाहरण जपून, पण अवश्य सांगितले पाहिजे. आपल्या जगण्यामरण्याशी ज्याचा संबंध आहे, ते ज्ञान परके वाटत नाही.

आता थोडे माझ्या विषयाकडे वळतो, कारण मोलचा इतिहास हा त्याच्या अर्थाचाच भाग आहे. १८११ साली इटलीतील ॲव्होगॅड्रो यांनी असे मत मांडले, की सारख्या तापमानाला आणि सारख्या दाबाला वेगवेगळ्या वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते. हायड्रोजन हलका, ऑक्सिजन त्याच्या सोळापट जड. तरी दोहोंच्या एकेक लीटरमध्ये रेणू मात्र तितकेच. त्या काळच्या नामवंतांना हे पटले नाही. अणुसिद्धान्ताचे जनक डाल्टन यांचाही या विचाराला विरोध होता. पाणी म्हणजे एक हायड्रोजन व एक ऑक्सिजन असे ते धरून चालत, आणि त्यामुळे अणूंची वजने चुकत राहिली. १८५६ साली ॲव्होगॅड्रो वारले, तेव्हा त्यांचा विचार जवळजवळ विस्मृतीत गेलेला होता. चार वर्षांनी, १८६० मध्ये, जर्मनीतील कार्ल्सरुहे येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत त्यांचेच देशबांधव कॅनिझारो यांनी तो नव्याने मांडला आणि हळूहळू तो मान्य झाला. ज्यांच्या नावाने हा अंक ओळखला जातो, त्यांना स्वतःला तो अंक किती हे कधीच कळले नाही.

‘मोल’ हा शब्द ओस्टवाल्ड या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रूढ केला; आणि गंमत अशी, की त्यांचा तेव्हा अणुरेणूंच्या अस्तित्वावरच विश्वास नव्हता. तो बसला पुराव्याने. फ्रान्सच्या ज्यां पेरँ यांनी पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या हालचालीवरून, त्या कणांच्या उंचीनुसार होणाऱ्या विरळतेवरून हा अंक काढला, आणि आकाशाच्या निळेपणापासून किरणोत्सर्गापर्यंत भिन्न भिन्न मार्गांनी आलेली उत्तरे शेजारी ठेवून पाहिली. ती जवळपास सारखी निघाली. इतिहासाच्या अभ्यासकाला ही रीत ओळखीची वाटते. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहातील एखादी घटना सरकारी दप्तरात, वृत्तपत्रांत आणि कार्यकर्त्यांच्या पत्रांत स्वतंत्रपणे आढळली, म्हणजे ती घडली असे आपण म्हणतो. एकमेकांशी संगनमत नसलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती मान्य करावी. पेरँ यांना १९२६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७१ मध्ये मोल हे आंतरराष्ट्रीय पद्धतीतील मूलभूत एकक ठरले आणि २० मे २०१९ पासून त्याची व्याख्या थेट संख्येनेच केली जाते : ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, नेमके तितके कण.

येथे एका मोहापासून मुलांना सावध केले पाहिजे. ‘ललितविस्तर’ या बौद्ध ग्रंथात राजकुमार सिद्धार्थाची गणितातील परीक्षा वर्णिलेली आहे. अर्जुन नावाच्या गणितज्ञाच्या प्रश्नांना उत्तरे देताना तो कोटीपासून शंभरपटींनी चढत जाऊन तल्लक्षणापर्यंत, म्हणजे १० च्या ५३ व्या घातापर्यंत संख्यांची नावे सांगतो. पुढे परमाणूपासून आरंभ करून सातपटींच्या पायऱ्यांनी जवाच्या दाण्यापर्यंत आणि तेथून योजनापर्यंत लांबीची मोजमापे सांगतो. आपल्या परंपरेत प्रचंड संख्यांचा आणि सूक्ष्म कणांचा विचार एकत्र आला होता, याचा आनंद जरूर मानावा. परंतु ॲव्होगॅड्रो अंक आमच्याकडे आधीच होता, असे कोणी म्हणू लागला तर त्याला थांबवावे. तेथील परमाणू कल्पनेने मानलेला आहे, प्रयोगाने मोजलेला नाही. आणि तेथे वजनाचा संबंधच नाही. इतरांच्या पोथ्यांतील विमानांना आपण हसतो, तीच कसोटी आपल्या ग्रंथांना लावली नाही, तर कालामांना केलेल्या बुद्धाच्या उपदेशाला काय अर्थ उरतो?

मोजमापाचा प्रश्न आपल्या समाजाने वेगळ्या अंगानेही भोगला आहे. पायली आणि शेर गावागणिक बदलत. महार वतनदाराचे बलुते तर कोणत्याच मापात बसत नसे. किती पेंढ्या द्यायच्या, हे देणाऱ्याच्या मर्जीवर असे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले, त्यामागे हे अनिश्चित देणे निश्चित रकमेत यावे हाही हेतू होता. १९५६ हे धम्मदीक्षेचे वर्ष. त्याच वर्षी देशात वजनमापांचा कायदा होऊन दशमान पद्धतीचा पाया घातला गेला. ठरलेले आणि सर्वांना सारखे लागू असलेले माप ही दुर्बलाच्या हातातील वस्तू आहे. ज्याला मोजता येते, त्याला फसवणे अवघड जाते.

मात्र येथे अतिशयोक्तीही नको. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले. ओंजळीत सुमारे १८० मिलिलीटर पाणी मावते असे धरले, तर ते १० मोल होते, म्हणजे ६ कोटी २ लाख २० हजार परार्ध रेणू. त्यांतील प्रत्येक रेणू हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून झालेला होता आणि कोणाच्याही स्पर्शाने तो तसूभर बदलला नाही. त्यानंतर १०८ घागरी पाण्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून ते तळ्यात ओतण्यात आले आणि तळे ‘शुद्ध’ झाल्याचे जाहीर झाले. वर्गात हे सांगताना आपण म्हणतो, की त्या लोकांना विज्ञान कळत नव्हते. मला हे अपुरे वाटते. पाणी पाणीच राहते, हे त्यांनाही दिसत होते. गुरांनी प्यालेले तळे त्यांनी कधी शुद्ध करून घेतले नव्हते. आणि आज रसायनशास्त्राची पदवी घेऊनही भाड्याने खोली देताना आडनाव विचारणारे आहेतच. विज्ञान शिकल्याने जात आपोआप जाते, असे आश्वासन मी मुलांना देत नाही. एवढेच सांगतो, की विज्ञान शिकलेल्या माणसाला जातीच्या समर्थनार्थ निसर्गाचा हवाला देण्याची सोय उरत नाही.

हे सर्व मान्य केले, तरी व्यवहाराचा प्रश्न उरतो. काही सहकारी म्हणतात, परीक्षेत या पाठाला मोजके गुण; सूत्र पाठ करून घ्यावे आणि पुढे जावे. त्यांची अडचण मी जाणतो. अभ्यासक्रम मोठा असतो, अशैक्षणिक कामे अंगावर असतात. पाठांतराचाही मी शत्रू नाही; पाढे पाठ असलेच पाहिजेत. परंतु हा पाठ नववीत संपत नाही. अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात मोल पुन्हा भेटतो, आणि तेथून द्रावणांची तीव्रता, वायूंचे नियम, रासायनिक अभिक्रियांतील प्रमाणे हे सारे त्याच्या खांद्यावर उभे राहते. त्यातच माध्यम बदलते. नववी-दहावी मराठीत झालेले मूल अकरावीला इंग्रजीत बसते. रेणूचे मॉलिक्यूल होते, वस्तुमानाचे मास होते, द्रावणाचे सोल्यूशन होते. ज्याला अर्थ समजलेला आहे, त्याला फक्त शब्द बदलावे लागतात. ज्याने केवळ त्रिकोण झाकलेला आहे, त्याच्याकडे बदलण्यासाठी काहीच नसते. शहरातील सुस्थित घरातील मूल या वेळी शिकवणीला जाते. आपले मूल ‘मला सायन्स जमत नाही’ असे घरी कळवते.

कलाशाखा, औद्योगिक प्रशिक्षण, पोलीस भरती या कोणत्याही वाटेला मी उणे लेखत नाही; मी स्वतः इतिहासाचा माणूस आहे. पण वाट मुलाने निवडलेली असावी. नीट न शिकवलेल्या एका पाठाने ती त्याच्यासाठी निवडू नये. बाबासाहेबांनी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढण्यापासून १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करण्यापर्यंत शिक्षणाची जी उभारणी केली, तिच्यात १९४६ चे सिद्धार्थ महाविद्यालय हे कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे होते. या दोहोंपैकी एक शाखा आपल्यासाठी आणि दुसरी इतरांसाठी, अशी वाटणी त्यांनी केली नव्हती.

म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना, सहकाऱ्यांना आणि माजी विद्यार्थ्यांना माझ्या काही सूचना आहेत. मोलचे सूत्र फळ्यावर लिहिण्यापूर्वी दोन तासिका कोठीत घ्याव्यात; दाणे मुलांनीच मोजावेत, काट्यावर त्यांनीच तोलावेत आणि आपल्या हजारीला त्यांनीच नाव द्यावे. प्रत्येक उदाहरणात आकड्यासोबत एकक लिहिण्याची आणि उत्तर काढण्यापूर्वी अंदाज लिहिण्याची सक्ती असावी. चाचणीत एक प्रश्न आकड्याविना विचारावा : २ ग्रॅम हायड्रोजन आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन यांत सारखे काय आणि वेगळे काय, हे आपल्या शब्दांत सांगा. नववीपासून प्रत्येक पारिभाषिक शब्दाशेजारी त्याचा इंग्रजी प्रतिशब्द वहीत लिहून घ्यावा, म्हणजे अकरावीचा वर्ग परदेश वाटणार नाही. विज्ञान शाखेत पोहोचलेल्या आपल्या मुलामुलींनी दिवाळीच्या सुटीतील चार दिवस धाकट्यांसाठी द्यावेत. नुकताच घाट चढलेल्याला पाय कोठे घसरतो हे अधिक ठाऊक असते.

आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. शाळेला देणगी द्यावी असे मनात येते, तेव्हा आपण कमान, पुतळ्याचा चौथरा किंवा ध्वनिवर्धक यांचा विचार करतो. या वर्षी ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत वजन दाखवणारे पाच काटे द्यावेत. त्यांना फार पैसे लागत नाहीत. पाच काटे आले, तर एका वर्गाचे पाच गट एकाच वेळी दाणे तोलतील आणि मागच्या बाकावरील मुलीच्या हातालाही काटा लागेल. मोल म्हणजे वजन की संख्या, या प्रश्नाचे उत्तर मग तिला कोणाकडून ऐकून घ्यावे लागणार नाही.

जयभीम!